पालकांसाठी खिडकी

टिटवीच्या आईने घर सोडलं ते भर दुपारी, नवरा कामावर असताना. दोन पिशव्या आणि चौदा वर्षांची मुलगी, एवढंच घेऊन ती निघाली. जिन्यात शेजारणीने हटकलं तेव्हा दातांच्या कामासाठी चाललोय असं तिने सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे आणि त्यावरून ती कवळ्या बनवायची. आता दुसऱ्या गावातल्या एका लॅबमध्ये तिला जागा मिळाली होती, आणि ते गाव कुठलं हे फक्त तिच्या थोरल्या बहिणीला, टिटवीच्या मावशीला, ठाऊक होतं.

नवरा एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक होता. हसतमुख, अदबीने बोलणारा, शेजारच्या म्हाताऱ्यांची औषधं आठवणीने आणून देणारा. त्याच्याबद्दल वाईट सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. हात त्याने क्वचितच उगारला असेल. पण एका रविवारी त्याने शीळ घालत घालत घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या होत्या, अगदी न्हाणीघराचीसुद्धा. घरच्या माणसांत कड्या कशाला, एवढंच म्हणाला. तेव्हापासून आंघोळीला जाताना ती दाराला आतून भरलेली बादली लावून ठेवायची. टिटवी मोठी झाली आणि एक दिवस तीही न सांगता बादली लावू लागली. त्या दिवशी आईने मनाशी ठरवून टाकलं.

नव्या गावात त्यांनी एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खालून दिवसभर वाफेचा फुसकारा ऐकू यायचा आणि गरम कपड्यांचा वास जिन्यात भरून राहायचा. लाँड्रीवाले काका एकटे होते, फारसे बोलायचे नाहीत. टिटवीला खोली आवडली, कारण दाराला आतून कडी होती. पहिले काही दिवस ती उगाचच लावून बघायची.

टिटवी हे नाव मावशीने ठेवलेलं. लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. बापाच्या घरी तो पट्टा हळूहळू बंद पडला होता. इथे आल्यावर ती पुन्हा थोडंथोडं बोलायला लागली, आणि आईच्या जिवात जीव आला.

शाळा चांगली होती. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला लॅपटॉप मिळाला. अभ्यास त्याच्यावरच करायचा, घरी न्यायचा, घरचा दुसरा कुठला चालणार नाही. ऑफिसातल्या बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं तिथे तिथे आईने सही केली. सही करताना तिने आवाज खाली आणून सांगितलं होतं की मुलीच्या वडिलांशी शाळेने कसलाही संपर्क ठेवायचा नाही. बाईंनी मान डोलावली, तसं करू म्हणाल्या, आणि पुढच्या पालकांना हाक मारली. पालकांसाठी काहीतरी सोय असल्याचे मेसेज नंतर शाळेकडून येत राहिले. पण शाळेचे मेसेज रोज ढिगाने यायचे, आणि आईचे हात दिवसभर मेणात आणि प्लास्टरमध्ये असायचे. तिने ते कधी उघडले नाहीत.

मग एक दिवस मावशीचा फोन आला. टिटवीचे बाबा तिच्याकडे येऊन गेले होते. फळं घेऊन आले, बसले, पाणी प्यायले, तब्येतीची चौकशी केली. बायको आणि मुलगी कुठे आहेत असं एका शब्दाने विचारलं नाही. निघताना मात्र म्हणाले की टिटवीचा गांडुळांवरचा प्रकल्प अर्धवट राहिलाय, तिला म्हणावं पुरा कर, मार्क जातील.

मावशी घाबरली होती.  गांडुळांचा प्रकल्प खरा होता. त्याबद्दल आईने मावशीला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. मुलीने घरात मातीचा डबा आणून ठेवलाय, आता गांडुळं मोकाट सुटायची तेवढी बाकी आहेत, असं काहीतरी. दुसऱ्या कुणाला ती बोलली नव्हती. तिने मावशीला विचारलं, चुकून तुझ्या तोंडून गेलं का? मावशी म्हणाली, नाही. आईने बरं म्हणून फोन ठेवला, पण मनात कुसळ रुतलं ते रुतलंच.

पुढच्या वेळी तो मावशीला रस्त्यात भेटला. टिटवीला रात्रीचा खोकला येतोय, म्हणाला, घरगुती औषधांवर किती दिवस काढणार, डॉक्टरला दाखवायला सांगा. खोकला खरा होता आणि तोही मावशीला माहीत होता. भरीला त्याने मावशीला विचारलं, "त्यांच्याकडे आणखी कोण राहतं?" मावशीला या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. कोणी नाही, म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं, कारण तेवढं म्हटलं तरी आपल्याला सगळं ठाऊक असल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं.

हे तिने जसंच्या तसं बहिणीला सांगितलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. आई लॅबच्या मागच्या दारात उभी राहून फोनवर बोलत होती. ती ओरडली नाही. थंडपणे म्हणाली, "ताई, त्याच्या गोड बोलण्याला सगळे भुलतात. तू भुललीस यात नवल नाही. पण माझ्या पोरीच्या जिवाशी खेळू नकोस." मावशी काही बोलायच्या आत तिने फोन बंद केला आणि मावशीचा नंबर अडवून टाकला. आत येऊन ती पुन्हा कवळीत दात बसवायला लागली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की वरचे दात खालच्या ओळीत बसवलेत.

त्या दिवसांत टिटवीतही फरक पडत होता. अभ्यासाला बसली की ती दाराला कडी लावून घ्यायची आणि मध्येच उठून खुर्चीमागच्या वस्तू इकडच्या तिकडे करायची. खिडकीला आईने हल्लीच एक लाल पडदा शिवून लावला होता, त्याच्या बाजूच्या खिळ्यावर एक दिवस पुरुषाचा शर्ट लटकलेला दिसला. आईने विचारलं तर टिटवी म्हणाली, लाँड्रीवाल्या काकांकडे कुणीतरी विसरून गेलेला शर्ट आहे, शाळेच्या नाटकासाठी मागून आणलाय. काही दिवसांनी दाराशी पुरुषाचे जुने बूट आले. तेही नाटकासाठीच. आईला वाटलं, पोरगी रमतेय, रमू दे.

मावशी लॅबमध्ये येऊन उभी राहिली तो दिवस आईच्या कायम लक्षात राहिला. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. दारात बहीण दिसताच तिच्या कपाळाला आठी पडली. मावशी लांबच्या बसने आली होती, चेहरा उतरला होता, आणि ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"मला काय म्हणायचं ते नंतर म्हण," ती म्हणाली. "आधी एक सांग. तुमच्या खोलीत लाल पडदा आहे का?"

आईच्या हातात मेण तासायची सुरी होती. ती तिने हळूच खाली ठेवली.

"तो परवा घरी आला होता," मावशी म्हणाली. "म्हणाला, टिटवी लाल पडद्यासमोर बसून अभ्यास करते, मागून उजेड येतो, वहीवर सावली पडते, टेबल फिरवून घ्यायला सांगा. मी तुझी खोली पाहिली तेव्हा खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. मला पडदा कसा ठाऊक असेल? तूच सांग, आहे का तो?"

आईने होकारार्थी मान हलवली.  आईला माफी मागायची होती, पण त्याहून मोठी भीती आता तिच्या अंगभर पसरत होती. मावशीने सांगितलं नसेल तर मग तो बघतोय कुठून? ती शेजारची छपरं, समोरच्या खिडक्या आठवू लागली. खिडकीसमोर तर नुसती भिंत होती. मग पडदा दिसेल असं त्या खोलीत आहे तरी काय? दोघींच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द निघाला, लॅपटॉप.

लॅबच्या मालकीणबाईंना सांगून दोघी तडक शाळेत गेल्या. मुख्याध्यापिकाबाई कामात होत्या, म्हणून आधी कॉम्प्युटरचे सर भेटले. तरुण होते, कामाचा उत्साह होता. त्यांनी कौतुकाने सगळं दाखवलं. मूल लॅपटॉपवर काय शोधतं, काय टाईप करतं, किती वेळ बसतं, ते सगळं नोंदलं जातं. अभ्यासाच्या वेळेत कॅमेरा अधूनमधून फोटो घेतो, मूल खरंच समोर बसलंय ना हे कळावं म्हणून. लॅपटॉप कुठे आहे तेही नकाशावर दिसतं, चोरीला गेला तर सापडायला हवा ना. आणि हे सगळं आईवडिलांना घरबसल्या बघता यावं म्हणून 'पालकांसाठी खिडकी' आहे. मुलांच्या निबंधाच्या कडेला पालकांना दोन शब्दही लिहिता येतात.

आईने विचारलं, माझ्या मुलीची खिडकी कोण बघतं?

सरांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. आईने आपली खिडकी एकदाही उघडलेली नव्हती, हे ते थोडं नाराजीने म्हणाले. "पण टिटवीचे बाबा रोज बघतात हं. दिवसातून कितीतरी वेळा. वर्गातल्या इतक्या पालकांत त्यांच्याएवढं लक्ष कुणाचंच नाही."

मावशीने आईचा दंड धरला. त्याचं नाव आलं होतं जुन्या शाळेतून. दाखला ऑनलाइन आला, त्याबरोबर वडिलांचा ईमेल पत्ता आपोआप आला, आणि खिडकीची चावी, म्हणजे पासवर्ड, आपोआप त्या पत्त्यावर गेली. कुणी मुद्दाम काही केलेलं नव्हतं. पडद्यावर नकाशा होता, त्यावर एक निळा ठिपका, आणि ठिपक्याखाली लाँड्रीचं नाव.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला घर माहीत होतं. फळं घेऊन तो मावशीकडे आला तेव्हाही. त्याला पत्ता काढायचा नव्हताच. आपण बघतोय हे तिला कळावं, एवढ्यासाठी तो आला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पाणी मागवलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला. पण वडिलांचं नाव काढायचं तर कोर्टाचा कागद लागेल, म्हणाल्या. "उद्या ते मला विचारतील, माझ्या मुलीची माहिती मला का नाही? मी काय उत्तर देऊ? फोनवर बोललेत ते माझ्याशी. फार सभ्य माणूस आहे."

"कधी बोलले?" मावशीने विचारलं.

गेल्याच आठवड्यात, असं त्या म्हणाल्या. घरी कोण कोण राहतं याची शाळेकडे काही नोंद आहे का, एवढंच त्याने विचारलं होतं.

निघताना कॉम्प्युटरचे सर मागून जिन्यात आले. त्यांच्या तोंडावरचा उत्साह पार मावळला होता. त्यांनी आईच्या फोनवर तिची खिडकी सुरू करून दिली. याहून जास्त माझ्या हातात काही नाही, असं म्हणताना त्यांची नजर खाली होती.

घरी आल्यावर आईने टिटवीला समोर बसवलं. लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत उशीखाली ठेवला. मग तिने विचारलं, आणि टिटवीने सगळं सांगून टाकलं. बहुतेक कधी कुणी विचारतंय याचीच ती वाट बघत होती.

बाबा बघतात हे तिला बऱ्याच आधी कळलं होतं. तिने पावसाळी ढगांवर निबंध लिहिला होता आणि त्याच्या कडेला एक शेरा आला, 'छान. पण शेवट घाईत केलास.' शेऱ्याला नाव नव्हतं, पण बाबांनी लहानपणी तिची प्रत्येक वही तपासताना हेच म्हटलेलं. तिला बरं वाटलं होतं, हे सांगताना ती रडायला लागली. बाबा तिच्याशी नेहमीच वाईट वागले होते असं थोडंच आहे? तिने शेऱ्याखाली उत्तर लिहिलं. मग रोज दोन ओळी यायच्या, दोन ओळी जायच्या. जेवलीस का, खोकला कसा आहे. आणि मग प्रश्न बदलत गेले. आई किती वाजता येते? जिन्याचं दार उघडं असतं का? खाली दुकानात कोण असतं?

"मला भीती वाटायला लागली," टिटवी म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर पुन्हा घर सोडावं लागलं असतं. मला ही शाळा आवडते. म्हणून मी... मी लिहिलं की आता आमच्याकडे एक काका राहायला आलेत."

"कोण काका?"

"कोणी नाही गं. खोटेच. लिहिलं की ते खूप उंच आहेत, पोलिसात आहेत. म्हणजे बाबा यायला घाबरतील. मग त्यांना खरं वाटावं म्हणून फोटोत दिसेल असा शर्ट टांगला. बूट ठेवले." तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "चुकलं का?"

 मावशीने तोंडावर पदर धरला. पोरीने आपल्या परीने राखणदार उभा केला होता. पण दिवसातून कितीदा तरी खिडकीत डोकावणाऱ्या त्या माणसाला काय दिसलं असेल? आपल्या बायकोच्या खोलीत, खिळ्यावर, परक्या पुरुषाचा शर्ट. घरी दूधवाल्याशी दोन वाक्यं जास्त बोललं तरी तो आठवडाभर गप्प राहायचा, आणि ते गप्प राहणं मारापेक्षा भारी पडायचं.

"त्यावर बाबांनी काय लिहिलं?" आईने विचारलं.

टिटवी म्हणाली, आधी काका कुठे झोपतात असं विचारलं, त्यांचं नाव विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. कालपासून मात्र शेरा आलेला नाही. काल दिवसभर नाही, आज नाही.

हे ऐकल्यावर आई उठली. जेवढं हाताला लागेल तेवढं तिने पिशवीत कोंबलं. लॅपटॉप न्यायचा नाही, हे तिघींना न बोलता कळलं, कारण तो जिथे जाईल तिथे निळा ठिपका जाईल. पण बंद ठेवला तर त्याला संशय येईल, असं मावशीचं म्हणणं पडलं. म्हणून टिटवीने तो पुन्हा टेबलावर नेऊन उघडला, रोजच्यासारखा धडा काढला, आणि कॅमेऱ्यासमोर थोडा वेळ बसून राहिली. तेवढा वेळ आई आणि मावशी दाराआड श्वास रोखून उभ्या होत्या. मग टिटवी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून, खुर्ची न हलवता उठली.

लॅबच्या मालकीणबाईंनी जास्त काही विचारलं नाही. त्यांच्या घरामागे एक खोली होती, ती त्यांनी उघडून दिली. रात्री तिघी एकाच गादीवर आडव्या झाल्या. मावशीने धाकट्या बहिणीचा हात हातात घेतला होता. आई म्हणाली, "ताई, मी तुला काय काय बोलले." मावशी म्हणाली, "बोललीस खरी." तिने हात सोडला नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला, भर दुपारी. लाँड्रीवाल्या काकांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे, एक नीटनेटका माणूस काउंटरपाशी आला, नमस्कार करून म्हणाला, वरचे पोलीसकाका आहेत का घरी? काका म्हणाले, वर कुणी पोलीस नाही, मायलेकी राहतात. तो हसला. बरोबर आहे, म्हणाला, तुम्हालाही तसंच सांगायला सांगितलं असणार. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, वाफ सुरू झाली, आणि काकांचं लक्ष पुन्हा तिकडे गेलं तेव्हा तो काउंटरपाशी नव्हता. निघून गेला असेल असं त्यांना वाटलं.

वरच्या दाराचं कुलूप त्याने फोडलं नव्हतं. स्क्रू काढून कुलपासकट अख्खी कडी खाली उतरवली होती. स्क्रू उंबऱ्यावर एका ओळीत मांडून ठेवलेले सापडले.

आत काय घडलं ते आईने बघितलं, लॅबमध्ये उभं राहून, हातातल्या फोनवर. तिची खिडकी आता सुरू होती. सकाळपासून फोटो येत होते, रिकामी खुर्ची आणि मागे लाल पडदा, पुन्हा रिकामी खुर्ची आणि पडदा. मग एका फोटोत खुर्चीवर तो बसलेला होता. मांडीवर तो शर्ट, नीट घडी घातलेला. पुढच्या फोटोत तो तसाच बसलेला. त्याच्या पुढच्यातही. लॅबच्या फोनवरून आईने पोलिसांना फोन लावला, लाँड्रीत फोन लावला, मावशीला हाक मारली, आणि नजर हातातल्या फोनवरून हलवली नाही. तो वाट बघत होता. शर्टाची कॉलर उलटून आत शाईने घातलेली लाँड्रीची खूण तो वाचत होता, हेही एका फोटोत दिसलं. त्यानंतरच्या फोटोत तो अगदी जवळ आला होता, एवढा की फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं. आणि टिटवीने उघडून ठेवलेल्या धड्याच्या कडेला अक्षरं उमटायला लागली.

'शर्ट उंच माणसाच्या मापाचा नाही. बेटा, मला फसवायला तू आईकडून शिकलीस.'

पोलीस पोचले तेव्हाही तो तिथेच बसला होता. शांतपणे उठला, त्यांच्याशी अदबीने बोलला, मुलीला भेटायला आलोय, म्हणाला. त्याच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता, आणि एक सुरीही होती. ती कशाला, असं विचारल्यावर मुलीला फळं कापून द्यायला असं तो म्हणाला. पिशवीत फळं नव्हती.

आईच्या वकीलबाईंनी ते फोटो कोर्टात लावले. शाळेच्याच यंत्राने काढलेले, तारीखवेळेसकट, त्यामुळे त्याला नाकबूल करता आलं नाही. काही दिवस तो आत राहिला, मग जामिनावर सुटला. मुलीच्या आणि बायकोच्या जवळ फिरकायचं नाही असा हुकूम झाला. शाळेने खिडकीवरून त्याचं नाव काढलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आईला बोलावून घेतलं, झाल्या गोष्टीचं फार वाईट वाटलं, म्हणाल्या, आणि मग सुटकेच्या सुरात असंही म्हणाल्या की शेवटी आमच्याच सोयीने तो पकडला गेला, हेही बघायला हवं.  वडिलांशी संपर्क नको, असं आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

मावशी आपल्या गावी परत गेली. हल्ली फोन करते, पण मोजकं बोलते. टिटवी काय करते असं ती आता विचारत नाही. बरी आहे ना, एवढंच विचारते, आणि उत्तर लांबायला लागलं की म्हणते, राहू दे, मला नको सांगूस.

टिटवीची शाळा सुटली नाही. मालकीणबाईंच्या घरामागच्या खोलीत मायलेकी राहायला लागल्या, आणि शाळेचा लॅपटॉपही तिथे आला, कारण त्याच्याशिवाय वर्गात बसता येत नव्हतं. टिटवीने त्याच्यावर कधी कुणाचं खरं नाव लिहिलं नाही. शब्द शोधायचा तर शाळेच्या ग्रंथालयातला जाड शब्दकोश उघडायची. बडबड पुन्हा बंद झाली होती.

तो सुटलाय हे ज्या दिवशी आईला कळलं, त्या दिवसापासून तिने खिडकी उघडायला सुरुवात केली. सकाळी एकदा, ठिपका शाळेत पोचलाय ना बघायला. दुपारी एकदा, तिथेच आहे ना बघायला. संध्याकाळी टिटवी घरी एकटी अभ्यासाला बसायची तेव्हा प्रत्येक फोटो यायची आई वाट बघायची आणि खुर्चीवर मुलगीच आहे ना, मागचं दार बंद आहे ना, हे बोटांनी मोठं करून बघायची. काळजीपोटीच ती हे करत होती, यात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मग तिच्या लक्षात येऊ लागलं की मुलगी आज कुणाशी तरी लिहून बोललीये, गणिताऐवजी गाणी ऐकलीयेत, मैत्रिणीला रडवेला चेहरा पाठवलाय. घरी गेल्यावर ती सहज म्हणून विचारायची, आज मैत्रिणीशी भांडलीस का? टिटवी तिच्याकडे बघायची आणि नाही म्हणायची.

एकदा लॅबमध्ये काम फार होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची होती, आणि आईने दोन तास फोनला हात लावला नव्हता. मग राहवलं नाही. हात पुसून तिने खिडकी उघडली. टिटवी खुर्चीवर होती. ती अभ्यास करत नव्हती. सरळ कॅमेऱ्यात बघत होती, शांत, न हसता. आधीच्या फोटोत तशीच. त्याच्या आधीच्यातही.

लॅपटॉपवरच्या वहीच्या उघड्या पानावर तिने एकच ओळ लिहिली होती.

'आई, तू आलीस का?'

आईने फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लोटला. समोरच्या कवळीत दोन दात बसायचे राहिले होते. ते तिने बसवले, मेण गुळगुळीत केलं, उजेडात धरून पाहिलं. शेजारी काम करणाऱ्या बाईने काहीतरी विचारलं, त्याला तिने हो म्हटलं. मग तिने हात पुसले आणि ड्रॉवर उघडला.